सकाळचं तापमान

स्वतःच्याच चष्म्यावर बसली म्हणून ती भर दुपारी घरी आली. एरवी आपल्या घरालाही दुपार असते हे तिला नुसतं ऐकून ठाऊक होतं. वीजघरातल्या खुर्चीवर चष्मा काढून ठेवला, फोन घ्यायला उठली, परत येऊन टेकली आणि कट्ट असा आवाज झाला. शहराच्या एका भागाला आणि तिथल्या मोठ्या इस्पितळाला वीज देणारी यंत्रं थंड ठेवायची जबाबदारी जिच्यावर, त्या बाईला शोभेलसं हे काम नव्हतं. पॅनलवरच्या ऑपरेटरनं हसू दाबून सांगितलं, मॅडम, घरी जुना असेलच की, घेऊन या, तेवढ्यात काही अंधार पडत नाही. ती निघाली. रस्ता पायाखालचा होता म्हणून बरं. माणसं, पाट्या, गाड्या, सगळ्यांच्या कडा विरघळलेल्या होत्या. इमारतीचा जिना नेहमीच काळोखा, त्यात उन्हातून आलेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, भिंतीत बारकी जाळी आहे तिथं, पायरीवर कुणी म्हातारा बसला होता. खांदे पडलेले, मान खाली, गुडघ्यांमध्ये भाजीची पिशवी, हातात किल्ल्यांचा जुडगा. उन्हानं दमून टेकलेला कुणी विक्रेता असेल, नाहीतर वरच्या मजल्यावरच्यांचा पाहुणा, असं तिला वाटलं. "जरा वाट देता का?" ती अदबीनं म्हणाली. म्हातारा लगबगीनं भिंतीकडे सरकला. ती दोन पायऱ्या चढून गेली, तेव्हा मागून आवाज आला, "आज लवकर?" तो तिचा नवरा होता.

वळून पाहिलं तेव्हा तो उठून उभा राहिला होता, आणि पुसट दिसत असलं तरी एक गोष्ट तिला चांगलीच दिसली. त्याचा चेहरा बदलत होता. आधी खांदे वर आले, मग मान, आणि मग हळूहळू, खालच्या टाकीतून वर पाणी चढावं तसा, तिच्या ओळखीचा चेहरा त्या दुसऱ्या चेहऱ्यात भरत गेला. रोज सकाळी चहाचा कप पुढं करणारा, गुळगुळीत दाढी केलेला, हसरा. "चष्मा कुठाय?" त्यानं विचारलं. बसले त्याच्यावर, ती म्हणाली. तो हसला, अगदी सकाळच्यासारखा, आणि म्हणाला, चष्म्याचं नशीब थोर. तीही हसली. दोघं वर गेली. दार उघडायच्या आधी त्यानं किल्ली भोकात घातली आणि अंमळ थांबला, पाण्यात उडी मारणारा माणूस थांबतो तेवढाच. आतून बाबांचा आवाज आलाच. "कुठं मेला होता हा बाइंडर? भाजी आणायला गेला की पिकवायला?" नवरा म्हणाला, "आलो बाबा." त्यात नाराजी नव्हती, लाचारी नव्हती, काहीच नव्हतं. तिनं कपाटातून जुना चष्मा काढला, नंबर कमी पडत होता, पण चालण्यासारखा होता, आणि ती बाबांच्या खोलीत न डोकावता परत कामावर निघाली. न डोकावण्याचं कारण तिनं स्वतःला घाई असं सांगितलं.

बाबा आयुष्यभर शाळा तपासत आले होते. वर्गात पाऊल टाकलं की मास्तरच्या कपाळाला घाम फुटायचा, ही त्यांची कमाई. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. मग झटका आला, उजवं अंग गेलं, जीभ मात्र जागच्या जागी राहिली, उलट अंगातली सगळी ताकद जिभेत येऊन बसली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. तेव्हापासून बाबा पलंगावरून जावयाची तपासणी करतात. चादरीची घडी, औषधाची वेळ, भाताचा कण, पावलांचा आवाज. त्याला नावानं हाक मारत नाहीत, बाइंडर म्हणतात. तो होताच बाइंडर. वीजघराच्या वाटेवर त्याचं छोटं दुकान होतं, पुस्तकं बांधायचं, आणि तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवसांत ती नकाशांची चवड त्याच्याकडे बांधायला द्यायची. लग्न त्यातूनच जमलं. बाबांना घरी आणलं तेव्हा कुणीतरी एकानं घरात राहणं भाग होतं. ठेवलेली प्रत्येक बाई बाबांनी चार दिवसांत पळवून लावली होती. तिला त्या संध्याकाळचं संभाषण आठवत नव्हतं, कारण संभाषण झालंच नव्हतं. तोच म्हणाला होता, तुझी नोकरी मोठी, माझं दुकान केवढंसं. बंद केलं तर कुणाला कळणारही नाही. ती म्हणाली होती, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. दुकानातल्या लोखंडी दाबयंत्राचा सांगाडा तेवढा घरी आला आणि गच्चीत जुन्या चादरीखाली उभा राहिला. थोडे दिवस कसे वाढत जातात हे कुणी मोजत नाही; अंगवळणी पडतं, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टीला वय नसतं.

ती वीजघराच्या फाटकातून आत शिरली. स्वतःच्या नवऱ्याला वाट द्या म्हणाले, हे वाक्य डोक्यात फिरत होतं आणि प्रत्येक फेरीत त्यातलं हसू कमी होत होतं. चष्मा नव्हता, हे खरं. पण चष्मा नसला तरी माणूस आपल्या माणसाला चालण्यावरून, बसण्यावरून ओळखतो. तिनं त्याला तसं बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून ओळखलं नाही. म्हणजे तो तसा बसतो हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे... पुढचा विचार तिला करवेना. अंगणात तिची जमीन पसरली होती. माझी जमीन, असंच ती म्हणायची, आणि कामगार गमतीनं विचारायचे, मॅडम, यंदा पीक काय घेणार? वरून बघायला तिथं काही नव्हतं, खुरटं गवत आणि रांगांमध्ये बसवलेली लोखंडी झाकणं. पण प्रत्येक झाकणाखाली चाळीसेक पुरुष खोल बोअर होता, आणि त्यात प्लास्टिकचा पाइप खालपर्यंत जाऊन वळून वर आलेला. इंजिनांची मोठी, धसमुसळी उष्णता पंख्यांनी आकाशात जायची; जनरेटरच्या गुंडाळ्या, ट्रान्सफॉर्मर, विजेचं रूप बदलणारी कन्व्हर्टरची कपाटं यांची बारीक पण न संपणारी उष्णता ती पाण्यात बांधून जमिनीत सोडायची. खाली जमिनीला ना उन्हाळा कळतो ना थंडी. बारा महिने एकसारखी गार. तापलेलं पाणी खाली जायचं, उष्णता तिथं ठेवून निवून वर यायचं. शहरात पाण्याची मारामार सुरू झाली, यंत्रं पाण्यानं निववणारे जुने शीतमनोरे बंद करावे लागले, तेव्हा ही युक्ती तिनं सुचवली होती आणि तडीस नेली होती. थेंबभर पाणी वाया न घालवता, आवाज न करता, जमीन सगळं पोटात घालत होती.

मूळ नकाशात मात्र जमिनीनं नुसतं घ्यायचं नव्हतं. शेजारी लहान मुलांची शाळा होती. उन्हाळ्यात जमिनीत ठेवलेली उष्णता थंडीत परत काढून त्या शाळेच्या खोल्या उबदार करायच्या, आणि जमीन रिकामी करून पुढच्या उन्हाळ्याला सामोरी न्यायची, असा हिशेब होता. ठेव आणि उचल. त्यासाठी एक जाड पाइप कुंपणापर्यंत नेलासुद्धा होता. मग शाळा दुसरीकडे गेली, तिथं गोदाम झालं. गोदामाला उबेची काय गरज. पाइपाच्या तोंडावर पत्रा ठोकला गेला. त्या वेळच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं होतं, मग आता? आणि तिनं, सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे लागलेल्या असताना, जमिनीची बाजू घेतल्यासारखं सांगितलं होतं, "काही होत नाही. एवढी मोठी जमीन आहे, सोसेल." जवळपास हेच वाक्य, वेगळ्या दिवशी, तिनं तिच्या मावशीला फोनवर सांगितलं होतं, जावई कसा करतो गं सगळं, म्हणून मावशी हळहळली तेव्हा. अगं, त्याचा स्वभावच शांत आहे, त्याला काही होत नाही. थंडीत बोअरच्या झाकणांवर एक मांजर येऊन झोपायचं. उबदार लागतं त्याला, म्हणत सगळे कौतुकानं बघायचे. तीही बघायची. झाकणं गार असती तर ते मांजर तिथं आलंच नसतं, हे तिला आता सुचत होतं.

पॅनलसमोर जाऊन तिनं ऑपरेटरला मधल्या बोअरचं तापमान विचारलं. तो म्हणाला, मॅडम, आत्ता? आत्ता आकडा नाचतो, सकाळी बघू की. ही शिकवण तिचीच होती. रात्री दुकानं मिटतात, इस्पितळातली निम्मी यंत्रं निजतात, मागणी उतरते, पंप संथ होतात, आणि दिवसभर पाइपाभोवती साचलेली उष्णता हळूहळू लांबच्या मातीत झिरपते. पहाटेला आकडा शांत, स्वच्छ, एका जागी उभा असतो. असा आकडाच विश्वासाचा, असं तिनं प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं. दुपारचा आकडा पॅनलवर दिसायचा, पण त्याला कुणी विचारायचं नाही. दुपारी काय, सगळंच तापतं. सकाळचा आकडा दरसाल केसभर वर सरकत होता आणि त्याला ती केसभरच म्हणत आली होती. तिनं खुर्ची ओढली, जुन्या चष्म्यातून डोळे बारीक केले आणि नाचणाऱ्या आकड्याकडे बघत बसली. तो नाचत होता खरा, पण कुठं नाचत होता? तिनं कधी कल्पनाही केली नव्हती इतका वर. कन्व्हर्टर आपणहून बंद पडतात त्या हद्दीच्या अगदी पायरीशी. ऊन कललं, आकडा उतरला नाही. ऑपरेटरची पाळी संपली, दुसरा आला, तरी उतरला नाही. जमीन बरी नव्हती. रोज सकाळी ती बरी असल्याचं दाखवत होती, एवढंच. आणि दाखवत होती हे म्हणणंही खोटं, कारण जमीन काही दाखवत नाही, तिला विचारायची वेळ आपण ठरवतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

घरून ती निघते पहाटे, परतते तेव्हा बाबा आणि तो दोघंही झोपेच्या काठाला. काठावरून तो तिच्यासाठी उठून बसायचा, ताट वाढायचा, समोर बसायचा, आणि ती बोलायला लागायची. मोठे साहेब काय म्हणाले, कंत्राटदारानं कसं फसवलं, कोण आपल्याला पाण्यात बघतं, कुणाला वरती चढवलं. सगळं. तो हं म्हणायचा. ताट संपेपर्यंत ती मोकळी व्हायची, हलकी व्हायची, आणि गाढ झोपायची. वीजघरात तिला तिच्या पाठीमागं बर्फ म्हणत, हे तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. कितीही मोठा घोळ होवो, बाईंचा आवाज चढत नाही, डोक्यावर बर्फ ठेवल्यासारख्या वागतात. इतक्या वर्षांत तिनं हा आपला गुण धरला होता. तो गुण नव्हता. ती तापायची सगळ्यांसारखीच. फक्त तिची उष्णता न्यायला एक पाइप घरापर्यंत टाकलेला होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस हं म्हणत बसलेला होता. खालून बाबा, वरून ती. त्याच्याकडून उचल करणारं कुणी नव्हतं. तो कधी कुणाकडे बोलायचा? दुकानात गिऱ्हाइकं यायची, शेजारचा चहावाला यायचा, त्यांच्याशी बोलायचा तो. लग्नाआधी तर त्याच्या बडबडीनं तिला हसू यायचं. ती बडबड कधी थांबली? एखादा आवाज थांबला की लक्षात येतो म्हणतात. पण हळूहळू थांबला तर येत नाही. तिला एकदम भीती वाटली, सरळसोट, लहान मुलाला वाटते तशी. हा माणूस आपल्या हातून जातोय, कदाचित गेलाय, आणि आपण रोज सकाळी त्याच्या हातचा चहा पिऊन समजतोय की आहे.

त्या दिवशी ती दिवेलागणीलाच घरी आली. बाबा औषधानं पेंगले होते. तो स्वयंपाकघरात ताटं पुसत होता, पाठमोरा. तिनं दारातूनच विचारलं, जिन्यावर का बसला होतास? दम लागला होता, तो म्हणाला. दुसऱ्या मजल्यावर? तो ताट पुसत राहिला; ते कोरडं झालेलं होतं, तरी पुसत राहिला. मग ते ठेवून म्हणाला की कधी कधी आत यावंसं वाटत नाही, दुपारी. कधीपासून, तिनं विचारलं, आणि विचारताना आपण कामावरच्याच आवाजात विचारतोय हे तिला ऐकू आलं. लक्षात नाही, तो म्हणाला.

"सकाळी तर चांगला असतोस," ती म्हणाली.

"सकाळी बराच असतो मी. झोप झालेली असते, बाबा उठलेले नसतात." त्यानं दुसरं ताट घेतलं. "तू मला सकाळीच बघतेस."

या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, त्यावरून भांडता येतं, भांडून रडता येतं. ती म्हणाली, रात्रीही असतेच ना मी. तो म्हणाला, रात्री तू बोलत असतेस. पुन्हा तसंच, सपाट, हवामान सांगावं तसं. ती ओट्याला टेकली. माझ्यावर रागावलायस का, तिनं विचारलं. यावर तो खरोखरच विचार करू लागला. ताट हातात धरून, भिंतीकडे बघत, खिशात एखादी वस्तू आहे की नाही चाचपून बघावं तसा.

"नाही," तो म्हणाला. "मागं यायचा राग. आता नाही येत काही."

काही दिवस ताईकडे जाऊन ये, असं ती म्हणाली तेव्हा ते तिच्या तोंडून आपोआप गेलं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दूरच्या गावी राहायची, एकटी. म्हणताना तिच्या मनात, खोल कुठंतरी, त्याचं उत्तर तयार होतं. मग बाबांचं कोण बघणार, असं तो म्हणेल, नेहमीसारखा. आणि आपण म्हणू, बघू काहीतरी. आणि दोघंही तिथंच राहू. आजवर त्याच्या या नकारावरच तिचं औदार्य उभं होतं. कितीदा तरी म्हणाली होती ती, तू जरा बाहेर पड, जरा कुठं जाऊन ये, आणि हातचं राखूनच म्हणाली होती. तो ताट ठेवून वळला. दिव्याच्या उजेडात, जुन्या चष्म्यातूनही, दुपारी जिन्यावर दिसलेला म्हातारा तिला पुन्हा दिसला. या वेळी त्यानं चेहरा बदलला नाही. "कधी जाऊ?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांपुढं दोन नव्या यंत्रांचा विषय होता. त्याच अंगणात, त्याच बोअरवर, आणखी दोन यंत्रांची उष्णता सोडायचं ठरत आलं होतं. फक्त तिचा होकार बाकी होता आणि सगळे तो धरूनच चालले होते. तिनं नाही म्हटलं. निम्मे बोअर आळीपाळीनं बंद ठेवावे लागतील, यंत्रं दुपारी कमी ताणावी लागतील, आणि यापुढं आकडा दुपारचा बघायचा, असंही सांगितलं. साहेब म्हणाले, अहो, पण सकाळचा आकडा तर चांगला आहे की, आणि सकाळचाच बघायचा हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? हो, मीच, ती म्हणाली. इतकी वर्षं सोसलंच की जमिनीनं, साहेब म्हणाले. म्हणून तर, ती म्हणाली. साहेब खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे जमिनीला रजा द्यायची म्हणता? भरपगारी की बिनपगारी?" सगळे हसले. तिलाही हसणं भाग होतं. तोंड हललं, हसू आलं नाही. मग साहेबांनी जरा गंभीर होऊन विचारलं की ही जमीन पुन्हा पहिल्यासारखी गार व्हायला वेळ किती लागेल. उत्तर तिला पाठ होतं. कुठल्याही विद्यार्थ्याला सांगता येईल इतकं सोपं होतं. "तापायला जेवढा लागला," ती म्हणाली, आणि समोरचे कागद उगाच सरळ केले, "त्याहून जास्त." बर्फाचा आवाज चढला नाही, पण फुटला, आणि तो सगळ्यांनी ऐकला. बाहेर पडताना कुणीतरी हळूच म्हणालं, बाईंचं वय झालं.

तो सकाळी गेला. गुळगुळीत दाढी करून, चहा करून, बाबांची औषधं एका डब्यात भरून आणि उशीखालचा रुमाल बदलून. अगदी छान दिसत होता. शेजारची मुलं जिन्यात भेटली, त्यांच्याशी थट्टा केली त्यानं, तिला दारातून ऐकू आली. जिन्याच्या वळणावरून त्यानं वर पाहून हात हलवला. हे सगळं बघून तिचा धीर सुटत चालला होता, कारण हे सगळं सकाळचं होतं. किती दिवसांनी येशील, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर तो चांगल्या मनानं एखादा दिवस सांगून मोकळा झाला असता, आणि ती त्या दिवसाला धरून बसली असती. गच्चीतल्या दाबयंत्रावरची चादर तेवढी तिनं त्या दिवशी काढली. स्क्रू गंजून घट्ट बसला होता. तेल सोडून तिनं तो दोन्ही हातांनी फिरवून बघितला, हलला नाही. बाइंडर असता तर म्हणाला असता, जोर लावू नकोस, तेल मुरू दे.

सकाळपुरता एक पुरुष नर्स मिळाला. उंचापुरा, कानात गाणी घालून वावरणारा, बाबांचं बोलणं त्याला ऐकूच जात नसे, म्हणून टिकला. दुपारनंतर बाबा तिच्याकडे. वीजघरानं तिची पाळी बदलून दिली, तोंड वाकडं करून का होईना. आणि मग तिला आपल्या घराची दुपार कळली. ऊन बाबांच्या खिडकीतून पलंगापर्यंत येतं आणि तिथून सुरुवात होते. पडदा सरकव. इतका नको. पाणी दे. हे गरम आहे. चमचा कसा धरावा ते कळत नाही, इंजिनिअर म्हणे. तो बाइंडर बरा होता, निदान तोंड मिटून करायचा. पहिल्या दिवशी तिनं समजावलं, दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, पुढं एकदा ओरडली, आणि तिच्या ओरडण्यानं बाबांच्या डोळ्यांत जे समाधान आलं ते पाहून गप्प झाली. बाबा वाईट नव्हते, हे तिला माहीत होतं. अर्धं अंग गाडलेल्या माणसाला आपली उष्णता कुठंतरी सोडावीच लागते. त्यांनी ती समोर जे असेल त्यात सोडली, तिनं सोडली तशीच. लेक बापावर गेली होती, दुसरं काय. एका दुपारी बाबा चादरीच्या घडीवरून सुरू झाले आणि कुणीतरी शांतपणे हं म्हणालं. ती दचकली. तीच म्हणाली होती.

ताईचा फोन सकाळी यायचा. छान आहे गं अगदी, ताई सांगायची, आता फिरून आला, हसतोय, चहा घेतोय, तू मुळीच काळजी करू नकोस. एकदा तिनं विचारलं, आणि दुपारी कसा असतो? दुपारी, ताई म्हणाली, पडून असतो बाई. भिंतीकडे तोंड करून. झोपत नाही, नुसता पडून असतो. मी हाक मारली की उठतो लगेच, हसतो. मग स्वतःलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, होईल हळूहळू. हाक मारू नका, ती म्हणाली. काय गं? दुपारी त्याला हाक मारू नका ताई, पडू दे.

मग एका दुपारी, भाजी घेऊन येताना, जिन्याच्या वळणावर तिचे पाय थांबले. वरून बाबांची हाक येत होती, तिच्याच नावाची, तरी दुसऱ्याच कुणाला असल्यासारखी. जाळीतून येणारं ऊन पायरीवर पडलं होतं. ती भिंतीला टेकून बसली, पिशवी गुडघ्यांमध्ये घेतली. त्या जागेवरून काय दिसतं ते तिला आता कळलं. काहीच दिसत नाही, समोरची भिंत दिसते, रंगाचे पोपडे दिसतात. आणि तेवढं पुरतं. आज बाबांनी सकाळच्या नर्सच्या अंगावर पाणी फेकलं होतं, नर्स उद्यापासून येत नाही म्हणाला होता, वीजघरात तिच्या जागेवर कोण येणार याची कुजबुज तिच्या कानावर आली होती, आणि दुपारचा आकडा, इतके दिवस निम्मे बोअर मिटून ठेवूनही, होता तिथंच होता. तिनं फोन काढला. विचार न करता लावला, हात आपोआप जिकडं जायचा तिकडं गेला.

त्यानं उचलला. लगेच नाही, पण उचलला. "बोल," तो म्हणाला. तोच आवाज, सपाट, दुपारचा, भिंतीकडे तोंड असलेला. आणि मग, जुन्या सवयीनं, पुढ्यात ताट वाढून ठेवल्यासारखं, त्यानं विचारलं, "आज काय झालं?"

सगळं जिभेवर आलं होतं. नर्स, पाणी, कुजबुज, आकडा. एक वाक्य बाहेर पडलं असतं तर मागं बाकीची रांगेनं आली असती, आणि पाच मिनिटांत ती हलकी झाली असती, उठून वर गेली असती. तिनं ओठ मिटले. जाळीचा लोखंडी काठ धरला. आपण आतून तापत चाललोय, हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि हे कुठं न्यायचं ते कळत नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज केला."

त्यानं फोन ठेवला नाही. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि त्यातून काहीच ओळखता येत नव्हतं. मग तो म्हणाला, "बरं." बऱ्याच वेळानं. खाली दार वाजलं, कुणीतरी जिना चढून येऊ लागलं, पावलं वळणाशी आली, आणि एक अनोळखी बाई अदबीनं म्हणाली, जरा वाट देता का? फोन कानाला तसाच धरून ती भिंतीकडे सरकली.